दर अर्ध्या तासाला

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. पिंपरीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भिंतीकडेच्या लोखंडी बाकावर मी बसले आहे. रात्रभर इथे बसून बघायची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर: कुणाचं नाव लिहायचं नाही, रुग्णालयाचंसुद्धा नाही. समोर सहा कॉट, मध्ये हिरवे पडदे, दाराशी दोन ट्रॉल्या. फिनेलचा वास, आणि त्यात मध्येच कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा.

"सेकंड सुटायची वेळ झाली," ऑक्सिजनचा सिलिंडर बदलता बदलता ब्रदर म्हणतात. म्हणजे आता रस्ते भरणार. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, भोसरी इथली दुसरी पाळी सुटते आणि दुचाक्यांचा लोंढा पुणे-नाशिक रस्त्यावर येतो. त्याच रस्त्यावर मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर, कंटेनर, कडेला उभे ट्रक आणि सांडलेली खडी. आठ तास उभं राहून काम केलेला माणूस खोलीवर पोचायच्या घाईत असतो. हेल्मेट पुष्कळदा आरशाला अडकवलेलं असतं, नाहीतर खोलीवरच राहिलेलं.

अकराला दहा मिनिटं असताना पहिली ट्रॉली येते. तिशीतला माणूस, अंगात कंपनीचा निळा शर्ट, मानेला कॉलर, डोक्याला रक्तानं भिजलेली पट्टी. टेम्पोतून माल उतरवताना तोल जाऊन पाठीवर पडला, असं सोबतचा सुपरवायझर सांगतो. "चार-पाच मिनिटं काहीच बोलत नव्हता, मॅडम. मग शुद्धीवर आला."

ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुण आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या आधी जखमेकडे बघत नाहीत. श्वास, नाडी, रक्तदाब, बोटाला लावलेल्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा. एवढं झाल्यावरच डोक्याशी येतात. याचं कारण त्या मला नंतर सांगतात. मार बसलेल्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, तर पहिल्या इजेवर दुसरी इजा होते. पहिली रस्त्यावर होऊन गेलेली असते, ती कुणालाच परत घेता येत नाही. दुसरी होऊ न देणं, एवढंच इथल्या माणसांच्या हातात असतं.

"नाम क्या है?" माणूस नाव सांगतो. "अभी कहाँ हो?" तो काहीतरी बोलतो, भरभर, घोगऱ्या आवाजात. एक शब्द कळत नाही. "कौन सा महीना चल रहा है?" पुन्हा तेच. शेजारी उभा असलेला इंटर्न केसपेपरवर लिहायला घेतो: ई चार, व्ही चार, एम सहा. एकूण १४.

ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हातापायांची हालचाल. डोळ्यांचे जास्तीत जास्त चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पूर्ण भानावर असलेल्या माणसाचे १५ होतात, आणि कशालाच प्रतिसाद न देणाऱ्याचेही तीन होतात, कारण प्रत्येक रकान्यात किमान एक मिळतोच. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. त्याआधी कुणी 'गुंगीत' लिही, कुणी 'अर्धवट शुद्धीत', आणि वाचणारा आपल्या समजुतीनं अर्थ लावी. आता पिंपरीतल्या सिस्टरनं लिहिलेला आकडा मुंबईतल्या डॉक्टरला फोनवर ऐकूनही तसाच्या तसा समजतो.

मॅडम इंटर्नचा हात थांबवतात. "कुठला आहे हा?"

"ओडिशाचा," सुपरवायझर सांगतो.

"मग भाषा आपल्याला कळत नाहीये. त्याला भान नाही असं कसं लिहिणार?"

कॅन्टीनमध्ये काम करणारा एक मुलगा ओडिशाचाच आहे. वॉर्डबॉय, ज्यांना सगळे मामा म्हणतात, धावत जाऊन त्याला घेऊन येतात. तो ओले हात शर्टाला पुसत कॉटशी वाकतो, दोन वाक्यं विचारतो, ऐकतो आणि मान वर करतो. "सही बोल रहा है मॅडम. अस्पताल में हूँ बोला. महीना भी बराबर बताया. और पूछ रहा है, उसका टिफिन किधर है."

व्हीपुढचा चार खोडला जातो, तिथे पाच येतो. एकूण १५. इंटर्न शेजारी वेळ लिहितो, ११.००. "आता याचे कधीही १४ झाले तर ते खरे १४ असतील," मॅडम त्याला म्हणतात. पडल्यावर शुद्ध गेली होती, म्हणून याचा सीटी स्कॅन होणार आणि त्याला रात्रभर इथेच ठेवणार. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला, पुढचे चार तास दर तासाला, मग दर दोन तासांनी तेच प्रश्न. कॅन्टीनच्या मुलाला सांगून ठेवतात, सकाळपर्यंत जागा राहा.

११.४० ला दारात एक मोटारसायकल थेट येऊन थांबते. तिच्यावर तिघे. मधला दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला, मान मागच्याच्या खांद्यावर कललेली. मामा आणि ब्रदर ट्रॉली घेऊन पळतात. मान धरून, सगळं अंग एका रेषेत ठेवून त्याला उतरवून घेतात.

वय बावीस. हिंगोली जिल्ह्यातला, महाळुंग्यात ठेकेदारामार्फत कामाला. आज त्याची पहिली पाळी होती. रात्री नऊच्या सुमाराला चिंबळी फाट्याजवळ खडीवरून गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं. उजवं कानशील रस्त्यावर आपटलं.

"पण तो लगेच उठला हो मॅडम," खोलीतला जोडीदार सांगतो. त्याचा आवाज कापतो आहे. "पँट झटकली, गाडी उचलली. आम्हीच म्हणलो दवाखान्यात जाऊ, तर हाच म्हणला काही नाही झालं. खोलीवर आलो, चहा पिला. मग डोकं दुखतंय म्हणला, दोनदा उलटी केली. आम्हाला वाटलं झोपल्यावर बरं वाटंल. खोलीच्या मालकीणबाई आल्या बघायला, त्यांनीच आम्हाला उठवून इकडं धाडलं."

मॅडमची बोटं उजव्या कानाच्या वरच्या बाजूला फिरतात. तिथे लिंबाएवढी मऊ सूज आहे. वरून जखम म्हणावी अशी नाहीच, फक्त थोडंसं खरचटलेलं.

"दादा, डोळे उघड." काही नाही. पुन्हा, मोठ्यानं. पापण्या अर्ध्या उघडतात आणि मिटतात. ई तीन. "कुठं आहेस?" जरा वेळानं उत्तर येतं: "खोलीवर." व्ही चार. "दोन बोटं दाखव." क्षणभर काहीच नाही, मग उजव्या हाताची दोन बोटं हळूच वर येतात. एम सहा. एकूण १३. मॅडम छोटी बॅटरी काढतात. उजेड एका डोळ्यावरून सरकतो, बाहुली आक्रसते, दुसऱ्या डोळ्याचीही. दोन्ही सारख्या.

"पडून किती वेळ झाला, नीट आठवून सांग." जोडीदार मोबाइलमधले कॉल बघून वेळ काढतो. तीन तास अजून व्हायचे आहेत. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन तीन तासांच्या आतच द्यायचं असतं, म्हणून तो हिशेब. सिस्टर इंजेक्शन भरायला घेतात.

मग मॅडम एक प्रश्न विचारतात तो औषधाचा नाही. "घरी याला काय म्हणतात?"

जोडीदार आधी गोंधळतो, मग सांगतो. ते नाव केसपेपरवरच्या नावाहून निराळं आहे, लहानपणी आई हाक मारते तसलं. मॅडम वाकून त्या नावानं हाक मारतात. मुलाचे डोळे पूर्ण उघडतात आणि दाराकडे वळतात, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखे. मग पुन्हा मिटतात.

"बघितलंत?" मॅडम मला म्हणतात. "अजून हाक पोचते आहे."

सीटीच्या खोलीबाहेर काचेमागे पडद्यावर काप एकेक करून उमटत जातात. हाड पांढरं, मेंदू राखाडी. आणि उजव्या बाजूला कवटीला चिकटून भिंगाच्या आकाराचा एक ठसठशीत पांढरा डाग. ताजं साकळलेलं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. मेंदूची मधली रेघ सरळ असायला हवी, ती डावीकडे कललेली आहे.

कानशिलाचं हाड पातळ. त्याच्या आतल्या अंगाला एक रोहिणी हाडाला घासून जाते. हाड तडकलं की ती फाटते आणि कवटी व मेंदूवरचं जाड वेष्टन यांच्यामध्ये रक्त साठत जातं. सुरुवातीला मेंदूला स्वतःला फारशी इजा झालेली नसते, म्हणून माणूस उठतो, पँट झटकतो, चहा पितो. कवटी तर बंद पेटी. तिच्यात साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मेंदू, दीडशे मिलीलीटर पाणी आणि वाहतं रक्त; चौथ्या कशाला जागा नाही. साठणाऱ्या रक्तासाठी आधी पाणी खाली सरकतं, निळ्या शिरांतलं रक्त बाहेर जातं. तोवर वरून काही कळत नाही. ही सवड संपली की पुढच्या चार चमच्यांनी दाब एकदम चढतो आणि मेंदूच खाली ढकलला जाऊ लागतो.

या फसव्या मोकळ्या वेळानं कितीतरी जणांना चकवलं आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात फलंदाजाजवळ, हेल्मेट न घालता उभ्या असलेल्या रमण लांबा यांना चेंडू डोक्याला लागला. ते आपल्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेले. त्यानंतर तब्येत ढासळत गेली आणि २३ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. भारताकडून खेळलेला, अडतीस वर्षांचा धडधाकट खेळाडू. चालत जाणारा माणूस बघून तो बरा आहे असं म्हणू नये, हे त्या सामन्यानं क्रिकेटच्या जगाला शिकवलं. चिंबळी फाट्यावर आज तेच घडलं आहे.

१२.१५. ट्रॉली सीटीमधून परत येते. दारातच मॅडम त्या घरच्या नावानं हाक मारतात. डोळे उघडत नाहीत. भुवईखालच्या हाडाच्या खाचेत अंगठा दाबतात. पापण्या किंचित हलून उघडतात. ई दोन. तोंडातून नुसता कण्हल्याचा आवाज. व्ही दोन. उजवा हात वर येऊन त्यांचा अंगठा बाजूला सारायला बघतो. एम पाच. नऊ. अर्ध्या तासापूर्वी १३ होते.

बॅटरीचा उजेड पुन्हा डोळ्यांवर. डावी बाहुली आक्रसते. उजवी मोठी झाली आहे, उजेड पडल्यावर सावकाश, जेमतेम हलते. खाली ढकलला गेलेला मेंदू त्या बाजूच्या डोळ्याकडे जाणारी नस दाबू लागला आहे. मॉनिटरवर रक्तदाब १६८, नाडी ५२. दाब वर आणि नाडी खाली. कवटीतला दाब वाढल्याची ही जुनी खूण मॅडम मोठ्यानं उच्चारतात, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावी.

यानंतरची मिनिटं कुणी बोलत नाही. श्वासनलिकेत नळी जाते. डोक्याकडची बाजू तीस अंश उचलली जाते. मेंदूची सूज ओढून घेणारी मॅनिटॉलची बाटली लागते. न्यूरोसर्जनना पहिला फोन सीटी चालू असतानाच गेला होता, ते जिन्यावरून चढत येतात, पडद्यावर एकदा बघतात आणि म्हणतात, "थिएटर उघडा."

संमतीच्या कागदावर सही कुणाची? जोडीदार गावी फोन लावतो आणि मॅडमच्या हातात देतो. पलीकडे वडील आहेत. मागे कुत्री भुंकल्याचा आवाज येतो.

"डॉक्टरीणबाई, लेकरू बोलायलंय का?"

"आत्ता नाही, काका. डोक्यात रक्त साठलंय. ते काढायला लागेल, लगेच. तुम्ही हो म्हणा."

थोडा वेळ शांतता. "हो म्हणलो बाई. तुम्ही करा. आम्ही निघालोच."

१२.५५ ला ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाते. दार मिटतं. जोडीदार भिंतीला टेकून खाली बसतो आणि दबक्या आवाजात पैशांचं विचारतो. समाजसेवा विभागाचे एक जण त्याला समजावतात की रस्त्यावरच्या वाहन अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची २०२५ पासूनची विनारोख उपचारांची योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी पोलिसांकडे नोंद लागते. तो मान हलवतो. ऐकलं किती, कळत नाही.

दीड वाजता काळेवाडीहून एक आजी येतात. सत्तरी ओलांडलेल्या, मुलाच्या खांद्याला धरून चालत. मुलगा संकोचून सांगतो की आज काही पडझड नाही. पण आठवडाभर आई चहात मीठ घालते आहे, आज त्याला बाबांच्या नावानं हाक मारली, आणि संध्याकाळपासून डावा पाय ओढते आहे. "आम्हाला वाटलं वय झालं." मॅडम विचारतात, महिन्याभरात कधी पडल्या होत्या का? मुलगा आठवतो. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या होत्या. डोक्याला टेंगूळ आलं होतं, हळद लावली, विसरून गेलो. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे.

मॅडम आजींच्या समोर स्टूल ओढून बसतात. "आजी, महिने सांगता येतात का? मराठी महिने." आजी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एका दमात म्हणून दाखवतात. "आता उलटे सांगा." आजी हसतात. "फाल्गुन, माघ, पौष..." आणि थांबतात. पुन्हा "पौष". मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात. सुलट म्हणणं जिभेला पाठ असतं. उलटं म्हणायला लक्ष धरून ठेवावं लागतं, आणि मार बसलेला मेंदू नेमकं तेच हरवतो.

"डोळे मिटा, आजी. दोन्ही हात पुढे करा, तळवे वर, अर्घ्य देतो ना तसे." आजी हात पुढे धरतात. उजवा हात तसाच राहतो. डावा सावकाश खाली येऊ लागतो, तळवा आतल्या बाजूला वळतो, आणि आजींना त्याचा पत्ताच नाही. मुलगा ते बघतो आणि तोंडावर हात ठेवतो.

वय वाढतं तसा मेंदू जरासा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानंही एखादी झिरपू लागते. रोहिणीतलं रक्त तासांत जीव घेतं, हे रक्त आठवड्यांनी साठतं. आजींच्या सीटीवर भिंग नाही. उजव्या बाजूला कवटीला लगटून चंद्रकोर आहे. कवटीला छोटी भोकं पाडून ते जुनं, पातळ झालेलं रक्त काढून घेता येतं. "बऱ्याच जणी पुन्हा नीट बोलू-चालू लागतात," मॅडम मुलाला सांगतात. "वय झालं म्हणून सोडून दिलं नाहीत, हे बरं केलंत."

तीनला पोलिसांची गाडी एका माणसाला सोडून जाते. भोसरीत रस्त्याकडेला पडलेला मिळाला. पंचेचाळीसच्या आसपास. दारूचा वास पडद्याबाहेर येतो. "पिलेलाय, सकाळी उठंल," कुणीतरी म्हणतं. मॅडम आधी त्याच्या बोटाला सुई टोचून साखर तपासतात, मग मोजणी करतात. अकरा. ते अकराच लिहितात. वास आहे, एवढी वेगळी नोंद होते. दारूच्या नावावर एकही गुण सोडून दिला जात नाही. त्याच्या कानामागे निळसर डाग आहे आणि नाकातून पाण्यासारखं काहीतरी ठिबकतं आहे. कवटीचा तळ तडकल्याच्या या खुणा. सिस्टर नाकातून घालायची नळी बाजूला ठेवतात; अशा वेळी ती तडकलेल्या हाडातून थेट मेंदूत जाऊ शकते. सीटीवर मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी दोन्हीकडे रक्ताळलेले ठिपके दिसतात, आणि मार तर मागे लागला आहे.

हे कसं, ते मॅडम चहा पिता पिता सांगतात. मेंदू ताज्या खरवसासारखा मऊ, पाण्यात तरंगता. पीएमपीच्या बसनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढच्यावर आदळतात, तसा कवटी थांबली तरी मेंदू थांबत नाही. मागे आदळून उलट समोरच्या हाडावर आपटतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला आतून खडबडीत असतो, त्यावर तो घासतो. आपटताना डोकं गर्रकन फिरलं तर मेंदूतले बारीक तंतूच ताणून तुटतात. तेव्हा सीटीवर फारसं काही दिसत नाही आणि माणूस मात्र खोल बेशुद्ध असतो. "म्हणून नुसत्या फोटोवर विसंबायचं नाही. माणसाला बघायचं, आणि परत बघायचं. दारूचा अंमल तासागणिक उतरायला हवा. तो उतरत नसेल, तर ती दारू नव्हे."

पहाटे साडेपाच. अतिदक्षता विभागात हिंगोलीच्या मुलाच्या कॉटशी मी मॅडमच्या मागे उभी आहे. डोक्याला पांढरं बँडेज, तोंडात नळी, कडेला रक्ताची छोटी पिशवी. कवटीचं झाकण उघडून रक्ताची गाठ काढली, फाटलेली रोहिणी बंद केली, हाड परत बसवलं. उजवी बाहुली पुन्हा डावीएवढी झाली आहे. झोपेचं औषध आता कमी केलं आहे.

मॅडम घरच्या नावानं हाक मारतात. डोळे उघडतात.

मी सुटकेचा श्वास सोडते, पण मॅडम थांबलेल्या आहेत. डोळे उघडणं म्हणजे जाग आणि भान ही त्याहून निराळी गोष्ट, हे महाराष्ट्रानं फार वेदनेनं पाहिलेलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला गळा आवळला गेल्यानं त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचे डोळे उघडत, त्या जागत आणि झोपत. २०११ च्या निकालाआधी सर्वोच्च न्यायालयानं तीन डॉक्टरांना त्यांच्याकडे पाठवलं ते हेच पडताळायला: त्या जागेपणाच्या आत भान किती आहे. केईएमच्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली ती मात्र असला कुठलाही हिशेब न करता.

"दोन बोटं दाखव," मॅडम म्हणतात.

मुलगा बघत राहतो. मॉनिटरची टिकटिक चालू आहे. मॅडम घाई करत नाहीत, दुसऱ्यांदा सांगतही नाहीत. चादरीवरचा हात हलतो. तर्जनी वर येते. मग मधलं बोट.

सिस्टर तक्त्यावर लिहितात: ई चार, एम सहा. नळीमुळे बोलता येत नाही म्हणून व्हीच्या जागी टी. मॅडम मान फिरवून खिडकीकडे बघतात. त्यांचे डोळे भरले आहेत.

बाहेर जोडीदाराच्या फोनवर वडील आहेत. गाडी अजून वाटेत आहे. "लेकरू बोलायलंय का?" तोच प्रश्न.

"नळी हाय काका, बोलता येत नाही," तो सांगतो. "पण दोन बोटं दाखवली. मॅडमनी सांगितल्यावर दाखवली."

मॅडम त्याला तिथेच बसवून पुढचं सांगतात, कारण घरच्यांना हे कुणी फारसं सांगत नाही. नळी निघाल्यावर काही दिवस तो तेच तेच विचारेल. कालचं आज आठवणार नाही. घरी गेल्यावर लवकर थकेल, गोंगाट सहन होणार नाही, क्षुल्लक गोष्टीवर भडकेल, कदाचित वास येणार नाही. मशीनवरची सवयीची कामंही क्रमानं सुचायला वेळ लागेल. ते ढोंग नसतं आणि आळसही नसतो. भरून येणारा मेंदू असतो. त्याला महिने द्यावे लागतात, आणि तेवढे दिवस त्याचं काम टिकवून ठेवणारा ठेकेदार लागतो.

साडेसहाला मी बाहेर येते. पहिल्या पाळीच्या दुचाक्या नाशिक फाट्याकडे निघाल्या आहेत. दाराशी उभी राहून मी मोजते: जाणाऱ्या वीसांपैकी सहांच्या डोक्यावर हेल्मेट. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांचे सोबती रस्त्यावर गेले. हा सरकारचाच आकडा. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष जगभरचे अभ्यास एकत्र करून निघालेला आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आकडे नाहीत. लिंबाएवढी सूज आहे, आणि पँट झटकून 'काही नाही झालं' म्हणणारा मुलगा आहे.

वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या घरात, खोलीत, कंपनीत कुणाच्या डोक्याला मार लागला आणि तो म्हणाला की काही नाही झालं, तर पहिले चोवीस तास त्याला एकटं सोडू नका. त्याला उठवा आणि विचारा: तुझं नाव काय, तू कुठे आहेस, आज वार कुठला. त्याच्या भाषेत विचारा. शुद्ध गेली असेल, उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, झटका आला, एखादा हात-पाय दुबळा वाटला, नाका-कानातून पाणी आलं, किंवा तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर सकाळची वाट बघू नका. मोटारसायकलवर मधे बसवून आणू नका. १०८ लावा, मान हलू देऊ नका. रस्त्यात अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला कुणी अडकवू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचं तसं संरक्षण आहे.

सात वाजता मी पिशवी घ्यायला आत जाते. ओडिशाच्या कामगाराच्या कॉटशी कॅन्टीनचा मुलगा पुन्हा वाकलेला आहे. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले आहेत. कामगार रात्रीपासून दहाव्यांदा आपलं नाव, गाव आणि महिना सांगतो. सिस्टर वेळ टाकतात आणि तिच्यापुढे आकडा लिहितात: १५.